चढावरचं इंजिन

वसंतभाऊ, तुम्ही मला फसवलंत. मी तुम्हाला नाही, तुम्ही मला. हे आधी लिहून ठेवतो, कारण तुम्ही गेल्यापासून जो भेटतो तो मला सांगतो की वसंतभाऊंसारखा सरळ माणूस पुन्हा होणार नाही. सरळ माणूस! बोईसरच्या बाजारात भंगार घेता-विकताना माझे केस पिकले. लोखंडावर तांब्याचा मुलामा चढवून आणणारे पाहिले, ड्रमच्या तळाशी वाळू भरून वर पितळेचा चुरा पसरणारे पाहिले. एकालाही सुटू दिलं नाही. वस्तू हातात घ्यायची, पान्याने एक टोला द्यायचा आणि ऐकायचं. पितळ वेगळं बोलतं, गनमेटल वेगळं, बीडाचं ओतीव लोखंड तर नुसतं खोकल्यासारखं वाजतं. या कानावर मी शेड उभी केली, घर बांधलं, मुलीला शिकवलं. त्याच कानाला तुम्ही फसवलंत. तेही माझ्याच शेडमध्ये, माझ्याच खुर्चीवर बसून, माझा चहा पीत.

तुम्ही घडवलेलं ते छोटं इंजिन कालपर्यंत समोर फळीवर होतं. तुम्हाला माहीत आहे, माझी शेड रुळांना लागून आहे. मालगाडी गेली की फळीवरची लोणच्याची बरणीसुद्धा सरकते. तसंच तुमच्या इंजिनाचं चाकही केसभर हलायचं, त्यावरचं चुंबक सरकायचं आणि मागच्या कोळशाच्या डब्यात तुम्ही बसवलेल्या स्पीकरमधून एक श्वास यायचा. एकच. गाडी निघून जायची, शेड गप्प व्हायची, आणि मी पुढच्या श्वासासाठी थांबायचो. तो यायचा नाही. खाली एक बटण होतं, ते बंद केलं की हे सगळं थांबलं असतं, एवढं मला समजत होतं. पण हात जात नव्हता.

परवा भर दुपारी मी जेवायला घरी गेलो होतो. परत आलो तर रामआसरे बाहेर उन्हात वजनकाट्याजवळ उभा. एवढा दांडगा हमाल, लोखंडाची कांब एकटा उचलणारा, पण शेडच्या दाराकडे पाठ करून उभा.

"काय रे, माल कोण लावणार?"

"सेठ, अंदर कोई साँस ले रहा है."

"मालगाडी गेली असेल. ते खेळणं वाजतं."

"खिलौना नहीं है, सेठ. आदमी है. थका हुआ आदमी."

मी त्याच्यावर ओरडलो. तुम्ही असता तर माझा दंड धरला असता, नेहमीसारखा. एकदा एका गिऱ्हाइकावर मी पाना उगारला होता, तेव्हा धरला होतात तसा. "शेठ, पाना महाग हाय, त्याचं डोकं नाय," असं म्हणालात आणि ते गिऱ्हाईकसुद्धा हसलं. त्या दिवशी तुमच्यामुळे मी पोलीस ठाण्याची पायरी चढलो नाही, हे मी कधी तुम्हाला बोलून दाखवलं नाही. आता दाखवतो. माझ्याकडे कुणाचं काही ठेवायची मला सवय नाही.

मला 'शेठ' म्हणणारे पुष्कळ आहेत. म्हणताना हसणारे तुम्ही एकटे.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते तांब्याची नळी शोधत. तारापूरच्या कारखान्यात आयुष्यभर व्हॉल्व्ह दुरुस्त करून नुकतेच निवृत्त झाला होतात. पायाने ढीग बाजूला न सारता वाकून हाताने एकेक तुकडा उचलून बघत होतात. मी भाव सांगितला. अर्थातच चढा सांगितला. तुम्ही "बरं" म्हणालात. मला इतका राग आला! भाव सांगितल्यावर "बरं" म्हणणाऱ्या माणसाशी धंदा करण्यात काय मजा? मी म्हणालो, "अहो, घासाघीस तरी करा."

"तुमी सांगितलं ते खोटं हाय, हे तुमालाही माहीत हाय, मलाही. मग वेळ कशाला घालवायचा?"

त्या बोलण्यानं मी हरलो. नळी तशीच दिली आणि विचारलं, करणार काय हिचं? तुम्ही म्हणालात, बॉयलर. वाफेवर चालणारं इंजिन, हातभर लांबीचं, खरं. मग मी तुम्हाला जवळ बसवलं, ते तुम्ही मुरब्याच्या किनाऱ्यावरचे म्हणून नाही, मी कुर्डुवाडीकडचा म्हणून. माझं लहानपण वाफेच्या गाडीच्या छोट्या लाईनच्या कडेला गेलं, हे या बाजारात कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्या शिवाराशेजारी चढ होता. मालाची गाडी त्या चढावर यायची तेव्हा वाटायचं, आता थांबेल, आता थांबेल. आणि ती पुन्हा एक श्वास घ्यायची. माझी आई तेवढ्या वेळात खुरपं थांबवून बघत राहायची आणि गाडी चढ पार झाली की पुन्हा खाली वाकायची.

तिथेच आपला सौदा ठरला. लागेल तो तुकडा मी ढिगातून शोधून द्यायचा. इंजिन घडवणार तुम्ही, पण आवाज माझ्या पसंतीचा. पसंत पडेपर्यंत तुमची सुटका नाही. तुम्ही पुन्हा "बरं" म्हणालात. आता वाटतं, त्या "बरं"वरच मी ओळखायला हवं होतं.

इंजिन झालं ते देखणंच झालं. पण पहिल्यांदा वाफ धरली आणि ते शेडच्या फरशीवर टाकलेल्या रुळांवर निघालं, तेव्हा आवाज कसा आला आठवतं? चहाची किटली उकळते तसा. मी म्हणालो, "हे इंजिन आहे की शिंकणारं मांजर?"

तुम्ही दुखावला नाहीत. समजावून सांगायला लागलात, की वस्तू लहान केली म्हणजे तिचा आवाजही बारीक होतो, छोट्या शिट्टीतून मोठ्या गाडीचा सूर निघत नाही. त्यावर आपला वाद पेटला तो कधी विझलाच नाही. तुमचं म्हणणं, बाहेरचा आवाज आत भरला की इंजिन खोटं झालं. माझं म्हणणं, आवाज बरोबर असला की इंजिन खरं. बाजारात आवाज भरलेली तयार चिप मिळते, पण तिच्यात कुठल्या तरी परदेशातल्या गाडीचा आवाज. तो आपल्या दोघांनाही नको होता. त्या एकाच गोष्टीवर आपलं एकमत.

म्हणून, भरायचाच तर इथलाच आवाज भरायचा असं ठरवून, तुमच्या ओळखीच्या बॉयलरची वाफ टिपायला आपण तारापूरला गेलो. कारखान्याच्या मागच्या भिंतीला मोबाईल लावून उभे राहिलो, तर वॉचमन धावत आला.

"ओ चाचा, फोटो नहीं निकालने का!"

"फोटो नाय रे बाबा, आवाज."

"आवाज भी अंदर का है. कंपनी का माल है."

तो आवाजाला माल म्हणाला, म्हणून मला तो माणूस आवडला. मी त्याच्याशी भाव करायला लागलो. तुम्ही मात्र हसता हसता भिंतीला टेकलात आणि बराच वेळ टेकूनच राहिलात. नंतर जवळच्या दांडी गावच्या किनाऱ्यावर गेलो, तिथेही तुम्ही एका दगडावर बसलात ते उठेचनात. मला वाटलं, समुद्र बघताय. कोळ्याच्या पोराला समुद्र काय बघायचा, असं मी बोललोसुद्धा. तुम्ही म्हणालात, "बसू द्या की शेठ. वारा हाय जरा." वारा होता, खरं आहे. पण तो तुम्हाला आत घेता येत नव्हता, हे तुम्ही गिळलंत.

तिथून तुमचा खेळ सुरू झाला.

काही दिवसांनी तुम्ही इंजिन घेऊन आलात. चाकाच्या एका फेऱ्याला चार टोले, वाफेची सळसळ, खाली काहीतरी जड. मी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणालो, "ही तर रिकामी गाडी ओढतेय. मला मालाची हवी."

तुम्ही घेऊन गेलात. पुन्हा आणलंत. मी म्हणालो, "चांगलं आहे, पण दमलेलं नाही. तिचा जीव गेला पाहिजे चढावर."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला ती नजर आठवते. मी तेव्हा तिचा अर्थ लावला की माणूस कंटाळला, आता हा भाव पाडणार. म्हणून मी जास्तच ताणलं. हीच माझ्या धंद्याची रीत. समोरचा ढिला पडला की दोर सोडायचा नाही.

तुम्ही "बरं" म्हणालात. पुन्हा आणलंत, पुन्हा मी परत पाठवलं. आणि मग एका सकाळी तुम्ही खुर्चीवर बसलात, चहा मागितलात, इंजिन फळीवर उलटं धरून बोटानं चाक फिरवलंत.

वसंतभाऊ, तो आवाज ऐकून मी पान्यांचा ढीग ओलांडून तुमच्याजवळ आलो. मला चढ दिसला. खुरपं थांबवून उभी असलेली आई दिसली. आता थांबेल, आता थांबेल, आणि पुन्हा एक श्वास. मी म्हणालो, "हाच! हाच आवाज. मला फसवता यायचं नाही, सांगतो तुम्हाला. ही तुमच्या तारापूरच्या बॉयलरची वाफ आहे, पण तुम्ही ती हळू करून घेतली आहे. ओळखलं की नाही?"

तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. "बरोबर ओळखलंत, शेठ."

हीच ती फसवणूक. याच जागी, याच शब्दांत. त्या वाफेत तुम्ही दुसरं काय मिसळलं होतंत, ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

वर आणखी एक गोष्ट केलीत. म्हणालात, "चिपमध्ये जागा कमी हाय. एवढाच तुकडा मावतो. सुरुवात आणि शेवट कापावे लागतील. चालेल?"

मी म्हणालो, "कापा की. शेवट कशाला हवाय? गाडी मला चढावरच हवी."

तुम्ही विचारलंत, "नक्की?" मी म्हणालो, नक्की.

त्यानंतर तुम्ही शेडवर आला नाहीत. फोनवर म्हणायचात, पाय दुखतो. मी गिऱ्हाइकांना इंजिन ऐकवत होतो. सातपाटीची एक मासळीवाली, जुनी काशाची भांडी मोडीत द्यायला आली होती, ती ऐकून म्हणाली, "बंद करा ते, दादा. छातीवर बसते हाय." मी तिला हसलो. मग वहिनींचा फोन आला. तोवर तुम्हाला नेऊनही झालं होतं.

तेराव्यानंतर वहिनी बोईसरला आल्या, तुमची हत्यारांची पिशवी माझ्याकडे राहिली होती ती न्यायला. मी त्यांना आतल्या खुर्चीवर बसवलं, तुम्ही बसायचात त्याच. मग अशा वेळी माणूस करतो तसं केलं. जे चांगलं होतं ते दाखवायला घेतलं. म्हणालो, "वहिनी, भाऊंचं काम बघा," आणि चाक फिरवलं.

त्यांनी बघितलं नाही. मान खाली घातली आणि कान माझ्याकडे केला. मुरब्याच्या मुली लहानपणी किनाऱ्यावर उभ्या राहून बोट दिसायच्या आधी मशीनच्या आवाजावरून सांगत, ही आमची, ही काकाची. हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. वहिनी तशाच बसल्या होत्या.

"हे तर ह्यांचं जिना चढणं हाय," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "नाही वहिनी, ही बॉयलरची वाफ आहे. मी स्वतः..."

"गप बसा जरा, भाऊ." माझ्याच शेडमध्ये मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी चाक फिरवत राहिलो. त्या हळूहळू बोलायला लागल्या, जणू कुणाला वरून बघताहेत. "आता पहिल्या माळ्याचं वळण. इथे कठडा धरतात. ... आता ती तुटकी पायरी, बघा, इथे पाय जपून टाकला. ... आता दुसरा माळा येईल, तिथे खिडकीत टेकतील."

 वसंतभाऊ, त्या म्हणाल्या तिथे खरोखर श्वास लांबला. इतके दिवस ऐकून मला तो लांबलेला श्वास म्हणजे रुळाचं वळण वाटत होता.

आणि मग आवाज पुन्हा सुरुवातीवर गेला.

"परत खाली गेले?" त्यांनी विचारलं.

"तो तेवढाच तुकडा फिरून फिरून वाजतो, वहिनी. पुढचं कापलं."

"म्हणजे वर येतच नाय?"

मी चाक सोडून दिलं. तेव्हा त्यांनी सांगितलं ते सगळं मी पहिल्यांदा ऐकलं. तुमची फुप्फुसं आधीच गेलेली होती. डॉक्टरांनी जिना बंद सांगितला होता. आणि तुम्ही मोबाईल शर्टाच्या खिशात टाकून खाली उतरत होतात आणि पुन्हा वर चढत होतात. त्या रागावायच्या, खाली काय ठेवलंय तुमचं? तुम्ही सांगायचात, "शेठला अजून पसंत नाय पडलं." त्यांना वाटलं, इंजिनाचा रंग.

त्या रडल्या नाहीत, मला बोलही लावला नाही. बोल लावला असता तर बरं झालं असतं, मी उलट बोललो असतो. भांडण मला येतं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे बोट बुडाली तर रडून घेतो आमी. पण मशीन वाजते हाय आणि बोट लागत नाय, असं नाय चालत, भाऊ. एक तर त्यांना वर आणा, नाय तर ते बंद करा."

आता मला सांगा, यात मी काय करायचं होतं? तुम्हाला चिप येत होती, मला येत नाही. बाजारात दाखवली. सगळे म्हणाले, शेवट कापला तो गेला, आता यात काही नाही. तुमचा मोबाईल तर वहिनींनी आधीच पुसून तुमच्या भाच्याला देऊन टाकला होता. राहिलं ते बटण. ते बंद करायचं मी ठरवलं होतं, देवाशपथ. फळीजवळ गेलो. तेवढ्यात मालगाडी गेली आणि तुम्ही एक श्वास घेतलात.

काल दुपारी मी इंजिन पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवलं आणि पालघरला तुमच्या बिल्डिंगीखाली आलो. वहिनींना फोनवर एवढंच म्हणालो, आणतो. लिफ्ट नाही, तुम्ही घर घेतलं तेव्हा मीच त्यावरून भाव पाडायला सांगितला होता आणि तुम्ही बिल्डरला "बरं" म्हणून आला होतात. एका हातावर ट्रे, दुसऱ्या हाताचं बोट चाकावर, असा मी चढायला लागलो.

दुपारची सामसूम होती. जिन्यात फक्त तुमचा आवाज. पहिल्या वळणावर मी कठडा धरला नाही, हात मोकळा नव्हता, पण तुम्ही जिथे धरत होतात तिथला रंग घासून गेलेला दिसला. तुटक्या पायरीवर मी पाय जपून टाकला आणि त्याच वेळी स्पीकरमध्ये तुम्हीही टाकलात. मी मुद्दाम जुळवलं नव्हतं. तिथून पुढे माझा श्वास कुठला आणि तुमचा कुठला, हे मला सांगता येईना. माझं वजन तुम्हाला माहीत आहे. पान्याचा टोला देऊन धातू ओळखणारा मी, स्वतःचा श्वास ओळखू शकलो नाही.

दुसऱ्या माळ्यावर एक दार किलकिलं झालं. आतून बाईचा आवाज आला, "वसंतकाका, पाणी आणू का?" आणि लगेच दार धाडकन लागलं. मागे कडी लागल्याचा आवाज आला.

मी खिडकीत टेकलो. बोट थांबलं, म्हणून तुम्हीही थांबलात. खालचं सगळं दिसत होतं, रिक्षा, वाळत घातलेले कपडे, एक मांजर. तुम्ही इथे बसून काय बघत होतात? आणि त्या प्रत्येक वेळी माझ्याबद्दल काय म्हणत होतात? शिवी तरी दिली असेल की नाही? तिथे बसून मला तुमचा असा राग आला की इंजिन खिडकीतून फेकून द्यावं. मी तुम्हाला म्हणालो होतो, तिचा जीव गेला पाहिजे चढावर. हे वाक्य मी माझ्या तोंडानं तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही ते ऐकून "बरं" म्हणालात. एकदा तरी भाव करायचा होतात, भाऊ. एकदा "नाय" म्हणायचं होतंत. मी लगेच खाली आलो असतो. मी सगळ्यांसाठी खाली येतो, फक्त समोरच्यानं ताणलं पाहिजे.

पुन्हा बोट चाकावर ठेवलं. चिपला हा भाग ठाऊक नाही. तिच्या हिशेबानं तुम्ही पुन्हा पहिल्या वळणावर गेला होतात, पण पाय माझे होते आणि ते वर जात होते. तो वरचा जिना तुम्ही मागे कधी टिपला असेल आणि मी म्हणालो म्हणून कापून टाकला असेल, तो मी काल माझ्या पायांनी चढलो.

जाळीच्या दारापाशी आलो. तुम्ही आल्यावर बेल वाजवत नव्हतात, किल्ल्या जाळीवर दोनदा वाजवायचात. मी ट्रे छातीशी धरून खिशातून माझ्या शेडच्या किल्ल्या काढल्या आणि वाजवल्या. लोखंडावर लोखंड. आवाज बरोबर आला, एवढं मला नक्की कळतं.

वहिनी दाराशीच उभ्या असणार, कारण दार लगेच उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी चाक सोडलं होतं, तरी ते माझ्या धापेनं मागेपुढे होत होतं आणि तुम्ही दारात उभे राहून दम खात होतात. वहिनी इंजिनाकडे बघत होत्या. नेहमीच्या आवाजात, रागावल्यासारखं, त्या म्हणाल्या,

"एवढा वेळ का लागला?"

 वसंतभाऊ, हा प्रश्न मला नव्हता. चढ तुम्ही चढलात, लपवलंत तुम्ही, माझ्या डोळ्यांत बघून "बरोबर ओळखलंत" म्हणालात तुम्ही. मी तुम्हाला तुमच्या दारापर्यंत आणून सोडलं, माझा सौदा पुरा झाला. माझ्या डोळ्यांसमोर वहिनी अजून दारात उभ्या आहेत. या वेळी "बरं" चालणार नाही. त्यांना उत्तर द्या.